टिनावरची काठी

आमचं भजन सुरू असलं आणि कुणाचा सूर जरासा उतरला, की शेजारच्या अंगणातून टिनावर काठी बसायची. धाडकन. तेवढ्यानं निम्म्या बायांचे टाळ थांबायचे, पेटी वाजवणारीचा हात हवेत राहायचा आणि नव्यानं मंडळात आलेली एखादी सून भेदरून माझ्याकडे बघायची. मी म्हणायची, "म्हण वं तू, मांजर असन." सगळ्यांना माहीत होतं की मांजर नाही. मांजर असतं तर मी त्याला दूध घातलं असतं.

आमच्या दोन अंगणांच्या मधे भिंत नव्हती, टिनाचे पत्रे उभे रोवलेले होते. पलीकडे त्या टिनाला लागून शेजारच्या बाईची खाट असायची आणि खाटेला टेकून ती बाभळीची काठी. पुसदचं सगळं गाव तिला चंद्रमंजिरी म्हणायचं. ते तिचं सिनेमातलं नाव. आईबापानं ठेवलेलं नाव गंगू. मी तोंडावर बाई म्हणायची आणि पाठीमागं नटीबाई. ती मला वच्छे म्हणायची. माझं नाव वत्सला आहे, आणि माझ्या सासूनं, जी काही फार प्रेमळ नव्हती, तिनंही कधी मला वच्छे म्हटलं नव्हतं.

गेलेल्या माणसाविषयी गोड लिहायची रीत आहे, हे मला माहीत आहे. पण त्या बाईनं ती रीत कधी पाळली नाही. माझी सासू गेली तेव्हा आमच्या ओसरीत बाया रडत होत्या. ही भेटायला आली, दारात उभी राहिली, थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "रडता आहात की कापूस गाडीत दाबता आहात? एकीनं तरी सूर नीट धरा." माझ्या नणंदेचं रडणं तिथंच थांबलं ते थांबलंच. तिला राग आला की अशी पुण्याची शुद्ध मराठी निघायची, आपण-बिपण लावून. फारच राग आला तर मात्र पुसदची. त्यामुळे ती "आपण" म्हणाली तर घाबरायचं नाही, "तुले" म्हणाली की घरात जायचं, एवढं मी शिकून घेतलं होतं.

तिचा बाप इथल्या जिनिंगमधे रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कामाला होता. सरकी आणि रुई वेगळी होताना कानठळ्या बसतात, त्या आवाजात ही पोरगी बापाचा डबा घेऊन जायची आणि आवाजाच्या वर गायची, म्हणजे बापाला आपण आलो ते कळावं. हे तिनं मला सांगितलेलं नाही. तिच्या बहिणीनं सांगितलं. जत्रेच्या दिवसांत नाटक कंपनी आली. कंपनीच्या मालकानं जिनिंगच्या फाटकाशी तिला ऐकलं, आणि कंपनी उठली तेव्हा गंगूही तिच्यासोबत उठली. अकोला, अमरावती, खानदेश करत करत कंपनी पुण्याला पोचली. तिथं एका सिनेमावाल्यानं तिला बघितलं, तिचं नाव बदललं, भुवया बदलल्या आणि कॅमेऱ्यासमोर उभं केलं.

पहिल्या सिनेमात ती पाणक्याची मुलगी होती. सगळी गाणी तिनं स्वतः म्हटली. तेव्हा म्हणे एकाच खोलीत वाजवणारे बसायचे, एकच माईक, आणि गाणारणीनं मागं-पुढं सरकून आवाज लहान-मोठा करायचा. तो सिनेमा तिकडं चालला. आपल्या विदर्भात तो आलाच नाही. पुढं कधीतरी त्या स्टुडिओला आग लागली आणि त्याची रिळं गेली. म्हणजे तिच्या स्वतःच्या गळ्याचं गाणं तिच्या स्वतःच्या गावानं कधीच ऐकलं नाही.

आपल्याकडे आला तो त्याच्या नंतरचा, झोपाळ्याच्या गाण्याचा. माझ्या माहेरच्या गावाच्या फाट्यावर टुरिंग टॉकीजचा तंबू लागला होता. मी लहान होते, बैलगाडीत बसून गेलती सगळ्यांसोबत. पडद्यावर ती झोपाळ्यावर बसली आणि तोंड उघडलं, तशी बापे माणसं उठून उभी राहिली. पुसदची पोरगी आहे, असं जो तो दुसऱ्याला सांगत होता. त्यानंतर गणपतीत, लग्नात, शाळेच्या गॅदरिंगमधे, जिथं म्हणून भोंगा लागला तिथं ते गाणं लागलं. आजही लागतं.

पुढचं लवकर आटपतं. आणखी काही सिनेमे, मग नायिकेची मैत्रीण, मग आई, मग पूजेचं ताट घेऊन दारात उभी राहणारी बाई, जिला बोलायलाच काही नाही. एक दिवस ती दोन पेट्या घेऊन बहिणीच्या घरी पुसदला परत आली. बहीण गेली, तरी ती तिथंच राहिली. माझं लग्न होऊन थोडी वर्षं झाली होती. मला तेव्हा केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू! तंबूत पाहिलेली बाई आपल्या टिनापलीकडे राहायला आली. मी वाटीभर शेवया घेऊन गेले आणि म्हणाले, बाई, ते झोपाळ्याचं गाणं एकदा म्हणा ना. तिनं वाटी घेतली, शेवया आपल्या भांड्यात ओतल्या, वाटी परत दिली आणि दार लावलं.

तेव्हापासून आमचं बिनसलं. ते गाणं म्हणा असं जो म्हणेल, तो तिच्या मनातून उतरायचा, आणि गावात तर दुसरं काही म्हणणारा माणूसच नव्हता. लोक म्हणायचे, नटीला माज आहे. मीही म्हणायचे. आमच्या शेवग्याचा पाला तिच्या अंगणात पडला तर ती तो टिनावरून परत टाकायची. आमची म्हैस ओरडली तर म्हणायची, "वच्छे, हिला मंडळात घे, तुमच्यापेक्षा बरी आहे."

हे सगळं मी सोसलं असतं. पण तिनं माझ्या सुनीताचं जे केलं, ते नाही.

आपल्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसते, ते तुम्हाला ठाऊकच असेल. पोरी घरोघरी जातात, गाणी म्हणतात आणि शेवटी ज्या घरी गेल्या तिथला झाकलेला खाऊचा डबा कानाशी धरून, हलवून आत काय आहे ते ओळखतात. माझी सुनीता तेव्हा शाळेत होती. आवाज मोठा, हौस त्याहून मोठी. गल्लीतल्या पोरी तिच्याच मागं म्हणायच्या. त्या वर्षी पोरी नटीबाईच्या ओसरीतही गेल्या. मी टिनाच्या अलीकडून ऐकत होते. गाणी संपेपर्यंत काठी वाजली नाही, म्हणून मला जरा अभिमानच वाटला. मग तिचा आवाज आला.

"पुढची मुलगी, उभी राहा. नाव काय?"

"सुनीता."

"सुनीता, आपण गाऊ नये. आपण डबा हलवावा."

सगळ्या पोरी हसल्या. पोरीच त्या, हसणारच. सुनीतानं डबा हलवला नाही, खाऊ घेतला नाही, घरी आली आणि कणगीच्या मागं जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून तिचं गाणं बंद. भुलाबाईला जायची, पण मागं उभी राहायची. शाळेतल्या तिच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, तुमची मुलगी प्रार्थनेला तोंड हलवते, आवाज काढत नाही.

मी घरी आले आणि सरळ टिनापाशी गेले. पदर खोचला होता, एवढं आठवतं. जे तोंडात आलं ते बोलले. म्हटलं, तुमच्या पोटी लेकरू नाही म्हणून दुसऱ्याच्या लेकराचा गळा दाबता का? तुम्ही एवढ्या गाणाऱ्या, तर ते झोपाळ्याचं गाणं एकदा म्हणून दाखवा, मग आमच्या पोरींना हिणवा. मग मी म्हटलं, "तुमच्यापायी माही पोरगी शाळेत नुसती ओठ हलवून राह्यली."

खाट कुरकुरली. टिनाच्या दोन पत्र्यांच्या फटीत तिचा डोळा दिसला.

"नुसते ओठ?"

"नुसते ओठ."

मग ती बोलली ते पुसदच्या बोलीत. मी घरात पळायला हवं होतं, पण त्या फटीशीच उभी राहिले. "वच्छे, थे झोपाळ्याचं गानं माहं नाई. मी नुसते ओठ हलवले. थे सरू नावाच्या बाईनं म्हटलं. पडद्याच्या मांगं हुभी राहून. माहा गळा जाड झाला म्हने, झोपाळ्यावर बसत नाई म्हने. तबकडीवर बी सरूचं नाव नाई छापलं, सिनेमात मी जी पोरगी झालती तिचं छापलं. सरू मेली. कोनाले माईत नाई. अन् मले रोज कोनी ना कोनी येऊन सांगते, बाई, काय गळा तुमचा."

हेही तेव्हा तिच्याच तोंडून कळलं, की पुढच्या सिनेमांत तिनं उसन्या गळ्याला तोंड लावायला नकार दिला होता, आणि तिथून तिचं ताट घेऊन उभं राहणं सुरू झालं. वाईट वाटलं का? वाटलं. पण राग गेला का? नाही. ज्या बाईला नुसते ओठ हलवणं म्हणजे काय ते ठाऊक होतं, तिनंच माझ्या पोरीला तिथं नेऊन सोडलं होतं. ती म्हणाली, पोरीला पाठव, मी सूर बसवून देते. सुनीता गेली नाही. आज तिची स्वतःची लेकरं कॉलेजात आहेत. त्यांना तिनं पाळण्यातही गाणं म्हटलं नाही, थोपटून झोपवलं. याचा हिशेब मी त्या बाईच्या नावावरच ठेवलेला आहे आणि तो तसाच राहील.

सरूची गोष्ट मी मंडळात सांगितली. कुणाचा विश्वास बसला नाही. एक म्हणाली, "गानं म्हनाचं नाई म्हनून असं सांगून राह्यली थे, माजोरी." दुसरी म्हणाली, पडद्यावर आम्ही आमच्या डोळ्यानं पाहिलं तिला गाताना. डोळ्यानं पाहिलेल्याला काय उत्तर असतं? नटीबाईनंही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून पाहिलं, की हे सरूचं आहे. लोक हसायचे आणि म्हणायचे, बाई, तुम्ही किती साध्या हो! साध्या! माझ्या टिनाला विचारा.

अशी वर्षं गेली. ती म्हातारी झाली, मीही झाले. काठी मात्र वाजत राहिली. तिच्या बहिणीचा मुलगा दिलीप, पांढरे कपडे घालून फिरणारा, फ्लेक्सवर हात जोडून उभा राहणारा, त्यानं तिच्या नव्वदीच्या आसपास तिचा नागरी सत्कार ठरवला. शाळेच्या मैदानात मांडव, फुलांनी सजवलेला झोपाळा, त्यावर मावशी बसेल, भोंगेवाला रशीदभाई गाणं लावेल, मावशी ओठ हलवेल आणि तिचा व्हिडिओ निघेल. दिलीपनं तिला मोबाईलवर ते गाणं दाखवलं, खाली लोकांनी काय काय लिहिलं ते वाचून दाखवलं. दैवी आवाज, असं कुणीतरी लिहिलं होतं. मी अलीकडे तुरी वाळवत होते.

ती म्हणाली, "त्यांना लिहून कळव, हा आवाज सरूचा आहे."

"मावशी, कायले? चांगलंच तर म्हनून राह्यले लोक."

"लिहिणार आहेस की नाही?"

त्यानं लिहिलं नाही. मला वाटलं, आता सत्कार बारगळला. पण ती हो म्हणाली. अट एकच घातली, की तिच्या हातातला माईक चालू पाहिजे. दिलीपला काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं. मी मंडळाच्या बायांना म्हटलं, आपण पुढं बसायचं.

त्या संध्याकाळी ती हिरवं लुगडं नेसून झोपाळ्यावर बसली. काठी मांडीवर. गाणं सुरू झालं, आणि तिनं तोंड मिटून घेतलं. नुसतं गप्प बसणं वेगळं. हिनं ओठ असे आवळले होते की हनुवटीला सुरकुत्या पडल्या. सरूबाईचा तो गोड आवाज मैदानभर फिरतो आहे आणि पडद्यावरची बाई समोर तोंड शिवून बसली आहे. लोकांत चुळबुळ सुरू झाली. दिलीप मंचाखालून ओठांवर बोट नाचवून खुणा करत होता. पहिलं कडवं संपलं आणि तिनं काठी झोपाळ्याच्या खांबावर मारली. रशीदभाईनं गाणं थांबवलं. पुसदमधे त्या काठीला सगळेच घाबरत.

"हे गाणं सरूबाईनं म्हटलेलं आहे," ती म्हणाली. "मी नाही. माझं मी आता म्हणते."

आणि तिनं तिच्या पहिल्या सिनेमातलं, पाणक्याच्या मुलीचं गाणं धरलं. कुणी कधी न ऐकलेलं. आवाज फाटका होता, जुन्या गोधडीसारखा, पण जाड आणि खालून वर येणारा. जिनिंगच्या रेच्याच्या वर जाणारा आवाज असा असला पाहिजे, असं मला वाटलं. मग मागून कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी ओरडलं, "झोपाळा लावा, झोपाळा!" मग टाळ्या सुरू झाल्या, त्या कौतुकाच्या नव्हत्या, उठा म्हणणाऱ्या होत्या. दिलीपनं रशीदभाईच्या खांद्यावर हात ठेवून काही सांगितलं आणि झोपाळ्याचं गाणं पुन्हा लागलं, मोठ्यानं. लोक खूष झाले. ती थांबली नाही. भोंग्याखाली तिचं तोंड हलत राहिलं, आणि लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल की म्हातारी किती छान तोंड लावते आहे. व्हिडिओत तसंच दिसतं.

रशीदभाई नंतर मला म्हणाला, "काकू, माईक मी बंद नाही केलता, खुदा कसम. पण थो साहेब म्हणे आवाज वाढव." पुढं बसलेल्या आम्हाला ती शेवटपर्यंत ऐकू आली होती.

सकाळी मी टिनापाशी गेले. सगळं गाव तिला फोन करून काय गायलात म्हणत होतं, आणि त्यातल्या कुणीही ऐकलं नव्हतं. मला तसलं बोलता येईना.

मी म्हटलं, "बाई, तिसऱ्या ओळीत सूर गेला तुमचा."

पलीकडून खाट कुरकुरली. "दुसऱ्या ओळीत गेला. तुला ऐकूसुद्धा येत नाही आणि मंडळ चालवतेस."

मी परत फिरले, तर तिनं हाक मारली. "वच्छे. सरूचं नाव ऐकू आलं का वं लोकाइले?"

"आलं."

"मंग?"

"कोनी इचारलं नाई कोन म्हनून."

त्या दिवशी आमच्या भजनात निदान चार जागी सूर उतरला असेल. काठी वाजली नाही. मला ते काही आवडलं नाही.

यंदा तुरीच्या काढणीच्या दिवसांत ती गेली. झोपेत गेली, कुणाला न हिणवता, एवढंच काय ते तिच्या स्वभावाविरुद्ध. तेरवीला दिलीपनं तिच्या अंगणात मांडव घातला. मोठा फ्लेक्स, त्यावर तिचा झोपाळ्यावरचा फोटो आणि खाली त्या गाण्याचे शब्द. पंगती बसल्या आणि रशीदभाईच्या भोंग्यावर तेच गाणं लागलं. मी वाढत होते. इतकी वर्षं मी त्या टिनाच्या एका बाजूला काढली होती, पलीकडच्या बाजूनं मी ते टिन त्या दिवशी पहिल्यांदाच नीट बघितलं. एका जागी सारखी काठी बसून त्याला परातीएवढा खड्डा पडला होता. काठी तिथंच टेकून ठेवलेली होती.

मी वरणाची बादली खाली ठेवली, काठी उचलली आणि त्या खड्ड्यात हाणली.

पंगत थांबली. रशीदभाईनं गाणं बंद केलं. आमच्या मंडळाच्या बायांनी सवयीनं एकमेकींकडे बघितलं, कुणाचं चुकलं म्हणून.

दिलीप धावत आला. "काकू, काय झालं? सूर तर बरोबर हाये."

"हाये ना बरोबर," मी म्हटलं. "सरूबाईचा हाये थो. ह्या बाईचा नाई. तुह्या मावशीनं जलमभर हेच सांगतलं तुले."

तो म्हणाला, काकू, आजच्या दिवशी कायले हे. पंगतीच्या टोकाला पुसदमधे नव्यानं नांदायला आलेली कुणाचीतरी सून बसली होती. तिनं तोंडातला घास गिळला आणि विचारलं, "कोन व्हय, मामी, सरूबाई?"

इतक्या वर्षांत हे विचारणारी ती पहिलीच. मी काठी खाली ठेवली नाही. तशीच हातात धरून तिच्यासमोर खाली बसले आणि सांगायला लागले.